दूरवर पसरलेले पतंग आणि फुलपाखरं डीएनए बारकोडने कशी ओळखावीत

कोबी-फ्लॉवरवर पडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, प्लुटेला झायलोस्टेला, जगात जिथे कोबीवर्गीय पिकं आहेत तिथे बहुतेक ठिकाणी सापडतो. इतकी अभ्यासलेली कीड क्वचितच असेल. तरीही २०१३ साली ज्याँ-फ्रान्स्वा लाँद्री आणि पॉल हेबर्ट यांनी ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांचे बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला वाचतात ते डीएनएचे ठरावीक तुकडे, पाहिले, तेव्हा त्यांत दोन गट निघाले. दोन्हींत ८.६ टक्के अंतर होतं. बाहेरून पतंग सारखेच दिसत होते, जननेंद्रियं मात्र वेगळी होती. दुसऱ्या गटाला प्लुटेला ऑस्ट्रेलियाना असं नाव मिळालं.

मोठा पसारा असलेल्या प्रजातींचं बारकोडिंग करताना दोन बाजूंनी घसरायची भीती असते. एका नावाखाली दोन प्रजाती लपलेल्या असतात आणि आपल्याला त्या दिसत नाहीत. किंवा एकाच प्रजातीतला प्रदेशागणिक फरक दिसतो आणि आपण तिला नवी प्रजाती समजून बसतो. दोन्हींवर उपाय एकच आहे. आपला क्रम, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांची ओळ, ज्याच्याशी जुळला तो नमुना कुठल्या मुलखातला आहे आणि त्याला नाव कोणी दिलं, हे टक्क्यांच्या आधी पाहायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे ध्यानात ठेवून दिल्या आहेत. जीवशास्त्राची पदवी, प्रयोगशाळेत पीसीआर यंत्र (डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढणारं) आणि एखादा अनुभवी माणूस हाताशी असेल, तर पहिली खेप कोणालाही जमेल.

बारकोड म्हणजे काय, थोडक्यात

माइटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जनुकाचा सुरुवातीचा ६५८ अक्षरांचा तुकडा म्हणजे प्राण्यांचा बारकोड. अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी हे डीएनएचे चार घटक. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या हेबर्ट यांनी २००३ साली ही कल्पना मांडली. पतंग-फुलपाखरांत साधारणपणे एका प्रजातीतल्या दोन नमुन्यांत २ टक्क्यांपेक्षा कमी फरक असतो आणि दोन प्रजातींत त्याहून जास्त. ६५८ अक्षरांत २ टक्के म्हणजे फक्त १३ अक्षरं. हा आकडा लक्षात असू द्या. वाचनात तीन अक्षरं चुकली तरी जवळजवळ अर्ध्या टक्क्याचा खोटा फरक तयार होतो. शिवाय २ टक्के हा अनुभवाने आलेला अंदाज आहे, निसर्गाने घालून दिलेला नियम नाही.

आधी परवानगी

जाळी विकत घ्यायच्या आधी कागदपत्रं करा. अनेक फुलपाखरं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आहेत. १९७२ च्या या कायद्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि अनुसूचींची मांडणी बदलली आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकातली यादी पाहून काम करू नका. हायपोलिम्नस मिसिपस हे अंगणातल्या घोळीवर वाढणारं साधं फुलपाखरू, पण जुन्या यादीत ते थेट अनुसूची १ मध्ये होतं. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही पकडायचं नाही. अनुसूचीतल्या प्रजातीचं मेलेलं फुलपाखरूही आपण उचलून ठेवावं असं नाही.

दुसरा कायदा जैवविविधतेचा, २००२ चा. नमुना, त्याचा पाय किंवा काढलेला डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. क्रम वाचून देणाऱ्या भरपूर कंपन्या भारतात आहेत, तेव्हा नवख्याने या भानगडीत पडायची गरजच नाही.

पहिल्या खेपेसाठी शेतातल्या किडी सगळ्यांत सोयीच्या. शेतकऱ्याची परवानगी मिळाली की अळ्याही मिळतात आणि पतंगही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, तंबाखूची पानं खाणारी अळी, घाटेअळी आणि प्लुटेला या चारही प्रजाती दूरवर पसरलेल्या आहेत आणि चारहींचे संदर्भ क्रम मुबलक आहेत.

किती नमुने, कुठून

एका गावातले पंधरा नमुने घेण्यापेक्षा पाच ठिकाणांहून प्रत्येकी तीन घ्या. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कोकणपट्टी, घाटमाथा, सोलापूरकडचा कोरडा भाग, मराठवाडा आणि विदर्भ. एकाच शेतातल्या अळ्या बऱ्याचदा एकाच मादीच्या अंड्यांतून आलेल्या असतात. माइटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, म्हणून त्या सगळ्यांचा बारकोड तंतोतंत एकच निघतो आणि पंधरा नळ्यांचे पैसे देऊन माहिती मात्र एकाच नमुन्याची मिळते. म्हणून अळ्या घेताना दोन झाडांत अंतर ठेवा.

भूगोलाचा परिणाम किती होतो यावर मतं वेगवेगळी आहेत. ऑस्ट्रिया आणि फिनलंड इथल्या १००४ प्रजातींची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात इतक्या अंतराचाही बारकोडवर थोडाच परिणाम दिसला. त्याउलट पाणभुंग्यांच्या २०१२ मधल्या अभ्यासात नमुन्यांचा पसारा वाढला तसा प्रजातीतला फरकही वाढत गेला. आमचा कल असा, की युरोपातल्या निष्कर्षांवर विसंबून सह्याद्रीतल्या फुलपाखरांबद्दल निर्धास्त राहू नये. हिमयुगानंतर उत्तरेकडे पुन्हा पसरलेल्या प्रजाती आणि उष्णकटिबंधात बराच काळ टिकून राहिलेल्या प्रजाती यांचा इतिहास सारखा नाही.

ऋतूंचंही भान ठेवा. मेलानायटिस लेडा हे आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं फुलपाखरू पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला ठसठशीत डोळे मिरवतं, तर कोरड्या दिवसांत अगदी वाळक्या पानासारखं दिसतं. नवख्याला या दोन प्रजाती वाटतात. दोन्ही रूपांचे नमुने घ्या. बारकोड एकच निघाला की हा घोळ कायमचा मिटतो.

पकडणं, मारणं आणि पाय काढणं

पतंगांसाठी पांढरी चादर आणि तिच्यापुढे अतिनील किरणांचा एलईडी किंवा मर्क्युरी दिवा पुरतो. अमावास्येच्या आसपासच्या, ढगाळ आणि वारा नसलेल्या रात्री चांगल्या.

मारायला सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे फ्रीझर. उणे २० अंशांत रात्रभर ठेवा. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत इथाइल ॲसिटेट वापरायची रीत आहे, पण त्याने डीएनएचे तुकडे पडतात, तेव्हा ते टाळा. फॉर्मॅलिनचा तर विचारही नको. अल्कोहोल वापरायचं ते ९५ टक्क्यांचं किंवा त्याहून तीव्र. ७० टक्क्यांत नमुना दिसायला ठीक राहतो, पण साध्या तापमानाला काही महिन्यांत डीएनए खराब होतो. रंगकामाचा डिनेचर्ड स्पिरिट किंवा हॅंड सॅनिटायझर चालणार नाही.

नमुन्याचा उजव्या बाजूचा मधला पाय काढा, आणि दर वेळी तोच. पुढच्या पायाच्या नळीवर पतंगांत एपिफिसिस नावाचं छोटं अवयव असतं, मागच्या पायांवर काटे आणि केसांचे झुबके असतात. पुढे कोणाला रूपावरून ओळख पटवायची झाली तर हे सगळं लागतं. मधल्या पायावाचून सहसा अडत नाही. डोकं वापरू नका, डोळ्यांतली रंगद्रव्यं पीसीआर अडवतात. अगदी लहान पतंग असेल, पंखांची लांबी ५ मिलिमीटरच्या आत, तर दोन पाय घ्या.

पंखांवरचे खवले उडतात आणि चिमट्याला चिकटतात. एका पतंगाचे खवले दुसऱ्याच्या नळीत गेले की दुसऱ्याला पहिल्याचा बारकोड मिळू शकतो. म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर चिमटा घरगुती ब्लीचच्या दहापट पातळ द्रावणात बुडवा, मग स्वच्छ पाण्यात, मग अल्कोहोलमध्ये, आणि पुसून घ्या. मधलं पाणी वगळू नका. ब्लीचचा अंश राहिला तर तो पुढच्या पायातला डीएनएही खातो. खाली प्रत्येक वेळी नवा टिश्यू पेपर ठेवा, आणि पंखा बंद.

अळी असेल तर छातीचा एक पाय किंवा मागच्या टोकाचा छोटा तुकडा घ्या, मधलं पोट नको. पोटातलं पान फारसं आड येत नाही, पण आत एखाद्या परजीवी गांधीलमाशीची किंवा माशीची अळी असेल तर तिचाच बारकोड निघतो. निकालात अचानक ब्रॅकोनिडी किंवा टॅकिनिडी कुळाचं नाव दिसलं तर हेच झालेलं असतं. ती नोंद फेकू नका. किडीचा नैसर्गिक शत्रू सापडला आहे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, नमुना ताणफळीवर, म्हणजे पंख पसरून ठेवायच्या फळीवर, वाळायच्या आत बुरशी धरतो. पाय त्याच दिवशी काढून अल्कोहोलमध्ये टाका आणि उरलेला नमुना सिलिका जेल घातलेल्या डब्यात वाळवा.

उरलेला नमुना जपा

पाय काढल्यावर उरतो तो नमुना म्हणजे व्हाउचर. तो नसेल तर तुमचा क्रम हा नुसता अक्षरांचा कागद. दहा वर्षांनी कोणी प्रजातीचं विभाजन केलं की पुन्हा उघडून पाहायला काहीतरी हाताशी असावं लागतं. टाचणीला दोन चिठ्ठ्या लावा. एकीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. दुसरीवर नमुना क्रमांक. हाच क्रमांक पायाच्या नळीवर, फोटोच्या फाइलच्या नावात आणि तक्त्यात हवा. नळीवर साध्या मार्करने लिहिलं की अल्कोहोलने पुसलं जातं, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी आतही टाका. फोटो वरून आणि खालून असे दोन, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोठा संग्रह होणार असेल तर तो घरी ठेवू नका. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (बीएनएचएस) संग्रह आहे. नमुने जमा करण्याबद्दल काम सुरू करतानाच विचारून घ्या.

डीएनए काढणं

पैसे असतील तर सिलिका कॉलमचं किट घ्या. पायाचे बारीक तुकडे करा, पेशी फोडणारं लायसिस बफर १८० मायक्रोलिटर आणि प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज-के हे एन्झाइम २० मायक्रोलिटर घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवा, पुढे किटच्या कागदाप्रमाणे. एकच बदल करा. शेवटी डीएनए सोडवताना किटमध्ये सहसा २०० मायक्रोलिटर बफर सांगितलेलं असतं, त्याऐवजी ५० च घाला आणि कॉलमवर पाच मिनिटं थांबा. एका पायात डीएनए थोडाच असतो, तो उगाच पातळ करायचा नाही.

स्वस्तातला मार्ग चेलेक्सचा, म्हणजे धातूंचे अंश शोषणाऱ्या बारीक मण्यांचा. ५ टक्के चेलेक्सचं द्रावण १०० मायक्रोलिटर, त्यात २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं प्रोटिनेज-के ५ मायक्रोलिटर आणि पाय. ५६ अंशांवर रात्रभर, मग ९५ अंशांवर १५ मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. वरचं स्वच्छ पाणी वापरा. द्रावण घेताना ते सतत हलवत राहा, नाहीतर मणी तळाशी बसतात आणि कुठल्या नळीत भरपूर तर कुठल्या नळीत काहीच जात नाही. मणी पीसीआरच्या नळीत गेले तर ते मॅग्नेशियम शोषून घेतात आणि पीसीआर बंद पडतो. असा डीएनए फार काळ टिकत नाही, महिन्याभरात वापरून टाकावा. मोलाच्या नमुन्याला किटच वापरा.

अल्कोहोलमधून काढलेला पाय आधी पूर्ण वाळवा. ओल्या पायाबरोबर गेलेलं अल्कोहोल एन्झाइमचं काम मंदावतं. नवखे हमखास घाईत असतात आणि दहा मिनिटं वाचवायला जाऊन सगळी खेप घालवतात.

प्रत्येक खेपेत एक नळी पायाशिवाय चालवा. बाकी सगळं तिच्यात घाला. पुढे पीसीआरनंतर जेलवर तिच्यातून बँड (डीएनएची पट्टी) आला तर रसायनांतच कुठेतरी दूषण आहे.

पीसीआर

पतंग-फुलपाखरांसाठी लेप-एफ१ आणि लेप-आर१ ही प्रायमरची जोडी वापरा. प्रायमर म्हणजे उचलायच्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे. १९९४ पासूनची फोल्मरची जोडी, एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८, सर्व अपृष्ठवंशीयांसाठी आहे आणि इथेही बऱ्याचदा चालते, पण लेपची जोडी जास्त भरवशाची. प्रायमर मागवताना अक्षरं मूळ शोधनिबंधातून उतरवून घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवा.

एका नळीत २५ मायक्रोलिटरचं मिश्रण असं:

दुप्पट तीव्रतेचं मास्टर मिक्स (पीसीआरचं तयार मिश्रण) १२.५
प्रत्येक प्रायमर, १० मायक्रोमोलरचा, १ आणि १
डीएनए २
न्यूक्लिएजमुक्त पाणी ८.५

बावीस नमुने, एक रिकामी नळी आणि पूर्वी नक्की चाललेला एक नमुना अशा चोवीस नळ्या असतील तर मिश्रण २६ नळ्यांचं करा. पिपेटच्या टोकाला थोडं थोडं राहतं आणि शेवटची नळी कोरडी पडते.

तापमानाचा क्रम: ९४ अंशांवर १ मिनिट. मग ९४ वर ४० सेकंद, ४५ वर ४० सेकंद, ७२ वर १ मिनिट, अशी ५ आवर्तनं. मग मधलं तापमान ५१ करून तशीच ३५ आवर्तनं. शेवटी ७२ वर ५ मिनिटं. पहिली पाच आवर्तनं ४५ अंशांवर असतात ती मुद्दाम. दूरवरच्या प्रजातींत प्रायमरच्या जागी एखादं अक्षर बदललेलं असतं, तिथे प्रायमरला चिकटायला सवलत मिळते. एकदा तुकडा तयार झाला की त्याच्या टोकांना प्रायमरचीच अक्षरं असतात, मग ५१ अंशांवर काम चोख होतं.

दीड टक्क्याच्या अगारोज जेलवर ३ मायक्रोलिटर चालवा. बँड ७०० अक्षरांच्या जरा वर दिसायला हवा, कारण ६५८ मध्ये दोन्ही प्रायमरची मिळून ५१ अक्षरं मिळतात.

बँड आला नाही तर आधी डीएनए दहापट पातळ करून पुन्हा पाहा. नवख्यांना उलटं वाटतं, ते डीएनए वाढवतात. पण पायातली रंगद्रव्यं पीसीआर अडवत असतील तर डीएनएबरोबर तीही वाढतात. तरीही नाही आला आणि नमुना जुना असेल, तर डीएनए तुटला आहे असं धरा आणि ६५८ चा तुकडा दोन भागांत उचला. लेप-एफ१ बरोबर एमलेप-आर१ घेतला की सुमारे ३०७ अक्षरं मिळतात आणि एमलेप-एफ१ बरोबर लेप-आर१ घेतला की सुमारे ४०७. दोन्ही मधे एकमेकांवर चढतात, त्यामुळे जोडता येतात. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांना बहुतेक हाच रस्ता. एका नळीत दोन बँड आले तर तो नमुना तसाच पुढे पाठवू नका, वाचन खिचडी येतं. सर्व नळ्यांत, रिकाम्या नळीतही, सारखाच बँड आला तर सगळी खेप फेकून नवं पाणी आणि नवे प्रायमर घ्या. कुठली बाटली बिघडली हे शोधण्यात वेळ घालवणं परवडत नाही.

क्रम वाचून घेणं आणि तो साफ करणं

बँड चांगला आलेले नमुने एन्झाइमने किंवा कॉलमने साफ करून सँगर पद्धतीच्या वाचनासाठी पाठवा. दोन्ही दिशांनी वाचून घ्या, खर्च दुप्पट झाला तरी. पतंगांच्या सीओआयमध्ये सुमारे ७० टक्के अक्षरं ए आणि टी असतात, आणि टीच्या लांब रांगेत वाचन घसरतं. तिथून पुढे शिखरं एकमेकांवर चढलेली दिसतात. उलट्या दिशेच्या वाचनाने तो भाग सुटतो.

कंपनीकडून नुसती अक्षरांची फाइल घेऊ नका, शिखरांच्या आलेखाची एबी१ फाइलही मागा. सुरुवातीची ३० ते ५० अक्षरं बहुधा भरवशाची नसतात. दोन्ही वाचनं जोडा, जिथे पटत नाही तिथे आलेख डोळ्यांनी पाहा. मग दोन्ही टोकांचे प्रायमर कापा. प्रायमरची अक्षरं तुम्ही विकत घेतलेली आहेत, पतंगाची नाहीत. ती राहू दिली तर सगळे नमुने त्या जागी सारखे दिसतात.

आता खरी तपासणी. क्रम प्रथिनात भाषांतरित करून पाहा. अपृष्ठवंशीयांच्या माइटोकॉन्ड्रियाचा संकेत निवडा, सॉफ्टवेअरमध्ये तो ५ क्रमांकाचा असतो. वाचनाची चौकट दुसऱ्या अक्षरापासून धरा. ६५८ मधलं पहिलं अक्षर सोडलं की उरलेल्या ६५७ अक्षरांचे बरोबर २१९ त्रिक होतात, एकेक त्रिक प्रथिनाच्या एका घटकाचं. सर्वसाधारण संकेत चुकून निवडलात तर बहुतेक पतंगांत नवव्याच त्रिकाला ‘थांबा’ची खूण दिसेल, कारण टीजीए हे त्रिक तिथे थांबायला सांगतं. माइटोकॉन्ड्रियात ते ट्रिप्टोफॅनचं असतं. नवखे इथे हमखास घाबरतात. योग्य संकेतातही मधे थांबा आला, किंवा एखादं अक्षर जास्त-कमी निघालं, तर दोन शक्यता. वाचन चुकलं असेल, आधी आलेख पाहा. आलेख निर्दोष असेल तर तुम्ही नुम्ट उचलला आहे, म्हणजे माइटोकॉन्ड्रियातून पेशीकेंद्रात जाऊन पडलेली निकामी प्रत. असा क्रम ओळखीसाठी वापरायचा नाही.

नाव शोधणं

क्रम बोल्ड या बारकोड संग्रहात शोधा आणि जोडीला जेनबँक या क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात ब्लास्टही करा, म्हणजे जुळणारे क्रम शोधा. बोल्ड आधी, कारण तिथे नमुन्याचा फोटो, ठिकाण आणि ओळखणाऱ्याचं नाव बऱ्याच नोंदींना असतं. जेनबँकेत चुकीच्या नावाने चढवलेले क्रम खूप आहेत, आणि एकाची चूक पाहून दुसरा तेच नाव लावतो, मग दहा नोंदी एकाच चुकीची साक्ष देतात.

जुळणी ९९ ते १०० टक्के, पूर्ण लांबीवर, त्या गटात एकच नाव, नोंदी अनेक देशांतल्या आणि त्यांत भारतातल्याही, शिवाय तुमचा पतंग रूपाने त्या नावाशी जुळतो: नाव लावा. यातली एकही अट सुटली तर थांबा. ३०० अक्षरांवरची शंभर टक्के जुळणी ६५० अक्षरांवरच्या ९९ टक्क्यांपेक्षा कमी भरवशाची असू शकते.

बोल्ड सारख्या क्रमांचे गट पाडतं, त्यांना बिन म्हणतात. तुमचा नमुना ज्या बिनमध्ये पडला तिचं पान उघडा. एका बिनमध्ये तीन नावं दिसली तर घाबरू नका, कारण सहसा चारांतलं एक असतं: जुनं आणि नवं नाव एकाच प्रजातीचं आहे, कोणीतरी ओळखण्यात चुकलं आहे, नळ्यांची अदलाबदल झाली आहे, किंवा खरोखरच दोन प्रजातींचा बारकोड एक आहे. फोटो आणि ठिकाणं पाहिली की बऱ्याचदा उलगडतं.

जुळणी ९५ ते ९८ टक्क्यांच्या पट्ट्यात आली तर मात्र बसून काम करावं लागतं. त्याच नावाच्या नोंदी आफ्रिका, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा चारही दिशांकडून तीन-चार उतरवून घ्या, जवळच्या दुसऱ्या प्रजातीच्या दोन घ्या आणि मेगासारख्या सॉफ्टवेअरमध्ये के२पी अंतरावर (क्रमांतला फरक मोजायची एक रीत) नेबर-जॉइनिंगचं झाड काढा, म्हणजे सारखे क्रम जवळच्या फांद्यांवर दाखवणारी आकृती. हे झाड वर्गवारीपुरतं, त्यावरून उत्क्रांतीचा इतिहास सांगायला जाऊ नका. तुमचे नमुने आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधे कुठेतरी सलग बसले तर तो बहुधा भौगोलिक फरक. एकाच गावातून घेतलेले तुमचे नमुने दोन दूरच्या फांद्यांवर पडले तर गंभीरपणे घ्या. एकाच जागी राहूनही वेगळे राहणारे दोन गट ही दोन प्रजातींची चांगली खूण आहे. त्या नमुन्यांची पोटं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननेंद्रियं तपासा. प्लुटेलाच्या बाबतीत तिथेच निकाल लागला.

९५ च्या खाली जुळणी असेल तर बहुधा तुमची प्रजाती संग्रहातच नाही. जीनसवर थांबा. सगळ्यांत वरचं नाव उचलून चिकटवणं ही या कामातली सगळ्यांत महागात पडणारी सवय आहे.

बारकोड स्वतःच फसवतो तेव्हा

माइटोकॉन्ड्रिया आईकडून येतो, आणि आईकडूनच येणारे जिवाणूही असतात. वोल्बाकिया हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो एखाद्या मादीच्या वंशात घुसून पसरला की तिचा माइटोकॉन्ड्रियाही त्याच्याबरोबर सगळीकडे पसरतो, संकर झाला तर शेजारच्या प्रजातीतही. युरेमा हेकाबे हे टाकळ्यावर वाढणारं पिवळं फुलपाखरू आफ्रिका-आशिया-ऑस्ट्रेलियाभर आहे. जपानमध्ये ते आणि युरेमा मँडरिना या दोन प्रजाती पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून वेगळ्या पडतात, पण माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए प्रजातीऐवजी वोल्बाकियाच्या संसर्गाप्रमाणे गट पाडतो. तिथे नुसत्या बारकोडवर नाव लावलं तर ते चुकतं. रुईवरचं डॅनॉस क्रिसिपस, म्हणजे प्लेन टायगर, पूर्व आफ्रिकेत स्पायरोप्लाझ्मा नावाच्या, नर मारणाऱ्या जिवाणूच्या कचाट्यात आहे आणि तिथेही माइटोकॉन्ड्रिया जिवाणूचा इतिहास सांगतो.

अमेरिकन लष्करी अळीचं उदाहरण आपल्या बांधावरचं. भारतात ती २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. अमेरिकेत तिचे मक्याचा आणि भाताचा असे दोन वाण मानतात आणि सीओआयने ते वेगळे करतात. भारतात मक्यावर सापडलेल्या अळ्यांत सीओआय मात्र भाताच्या वाणाचं सर्रास निघतं, आणि झेड गुणसूत्रावरचं टीपीआय जनुक मक्याच्या वाणाचं. म्हणजे इथली पिढी जुन्या संकरातून आली आहे. प्रजाती ओळखायला इथे बारकोड पुरतो. वाण सांगायला तो एकटा पुरत नाही, आणि ‘आमच्याकडे भाताचा वाण आला, आता भाताला धोका’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

म्हणून संशय येताच दोन गोष्टी करा. त्याच डीएनएवर वोल्बाकियाचा डब्ल्यूएसपी जनुक तपासा, ८१-एफ आणि ६९१-आर या प्रायमरांनी सुमारे ६०० अक्षरांचा बँड येतो. आणि पेशीकेंद्रातलं एखादं जनुक वाचून घ्या, ईएफ-१ अल्फा किंवा विंगलेस. दोन्ही जनुकांनी सारखेच गट पाडले तर विश्वास ठेवा. कधी कधी मूळ पीसीआरमध्येच वोल्बाकियाचं सीओआय उचललं जातं आणि ब्लास्टमध्ये पतंगाऐवजी जिवाणू दिसतो, विशेषतः फोल्मरच्या प्रायमरांनी. तेव्हा लेपची जोडी घेऊन पुन्हा करा.

नोंद चढवणं

बोल्डवर प्रकल्प उघडून नमुन्याचा तक्ता, फोटो, दोन्ही एबी१ फाइली आणि साफ केलेला क्रम चढवा. क्रम किमान ५०० अक्षरांचा आणि त्यात संदिग्ध अक्षरं १ टक्क्याच्या आत असावीत, नाहीतर नवी बिन मिळत नाही. नाव पक्कं नसेल तर युरेमा सीएफ हेकाबे (म्हणजे ‘हेकाबेसारखं, पण खात्री नाही’) असं लिहा आणि बिनचा क्रमांक जोडा. ओळख कशावरून केली, रूपावरून की बारकोडवरून, हे त्या रकान्यात स्पष्ट लिहा. बारकोडवरून दिलेलं नाव रूपावरून दिल्यासारखं चढवलं की पुढच्या माणसाला तो स्वतंत्र पुरावा वाटतो, आणि मुळात तो आधीच्याच नोंदीचा पडसाद असतो.

उरलेला डीएनए दोन नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. एक रोजच्या वापराची, दुसरी न उघडण्याची, कारण दर वेळी वितळवलं की डीएनए थोडा तुटतो. दोन्हींवर नमुना क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहा.